शिक्का नसलेली माणसं

जुन्या बाजारात नाणी आणि तिकिटं मांडून बसणाऱ्या एकाकडून मी एक जुनं पाकीट २० रुपयांना घेतलं. आत पत्र नव्हतं. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट होतं, कुटुंबनियोजनाचं. आई, बाप, दोन मुलं. आणि त्या आटोपशीर कुटुंबाच्या अंगावरून काळ्या शाईत 'रेफ्युजी रिलीफ' असा छापा मारलेला. विकणारा म्हणाला, "मिसप्रिंट आहे मॅडम, म्हणून २०. नाहीतर पाचला दिलं असतं."

मिसप्रिंट नव्हतंच ते. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा भार बसला होता आणि खास तिकिटं छापून येईपर्यंत हाताशी होती त्या तिकिटांवर छापा मारून वेळ भागवली गेली. सदाशिव पेठेतून नागपूरला लेकीची खुशाली विचारणारी आईदेखील आगरतळ्याच्या छावणीतल्या भाताला हातभार लावत होती. पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसं आली होती. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या १५ लाखांच्या घरात, आणि तिथे आलेले निर्वासित १४ लाखांच्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत.

मी ३० वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. 'मोठ्या स्थलांतराचा शेजारी देशांच्या संबंधांवर परिणाम' हा प्रश्न पेपरात आला की मुलं ठरलेलं उत्तर लिहीत: भार वाढतो, तणाव वाढतो, युद्ध होते. १९७१ चं उदाहरण दिलं की आठपैकी सहा गुण खिशात. मीही देत असे. आता वाटतं, ते गुण मी जरा स्वस्तात वाटले.

कारण १९७१ ची गोष्ट युद्धाशी संपत नाही. इंदिरा गांधींनी मे महिन्यात लोकसभेत मांडलेला मुद्दा होता की पाकिस्तान ज्याला आपली अंतर्गत बाब म्हणतो, ती आता भारताची अंतर्गत बाब होऊन बसली आहे. हा युक्तिवाद जगापुढे नेता आला, कारण आलेल्यांची मोजदाद होती. छावण्यांमध्ये नोंदणी होती, शिधापत्रिका होत्या आणि ही माणसं परत जाणार आहेत हे दिल्ली पहिल्यापासून बजावत होती. डिसेंबरात ढाका मोकळं झालं आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातले बहुतेक परत गेले. एक कोटींचा लोंढा आला आणि बराचसा ओसरलाही. जगाच्या इतिहासात असं फार वेळा झालेलं नाही.

खरा तंटा मागे राहिला तो न मोजलेल्यांचा. त्या युद्धाच्या आधी आलेले, नंतर आलेले, तीन पिढ्यांपूर्वी आलेले आणि कधीच न आलेले पण बोलीवरून आल्यासारखे वाटणारे. आसामात त्यावरून आंदोलन पेटलं, १९८३ मध्ये नेल्लीचं हत्याकांड झालं, १९८५ च्या करारात २४ मार्च १९७१ ही नागरिकत्वासाठीची शेवटची तारीख ठरली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदणीची यादी लागली तेव्हा १९ लाखांवर माणसं यादीबाहेर होती. ती कुणाची? आपण म्हणतो, तिकडची. ढाका म्हणतं, आमची कशावरून? त्या डिसेंबरात नागरिकत्व कायद्यातली दुरुस्ती आली आणि बांगलादेशच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आणि गृहमंत्र्यांनी आपले भारतदौरे रद्द केले. आणि हे पंतप्रधान शेख हसीनांच्या काळात, म्हणजे दोन्ही सरकारांचं गूळपीठ होतं तेव्हा.

(सगळ्यात जास्त संबंध बिघडवणारं स्थलांतर मात्र एका व्यक्तीचं ठरलं. ५ ऑगस्ट २०२४ रोजी त्याच हसीना विमानानं भारतात आल्या. निर्वासितांच्या चर्चेत तिचं नाव कुणी घेत नाही, कारण ती रांगेत उभी नव्हती.)

माझं म्हणणं एवढंच आहे. माणसं आली म्हणून दोन वैरी शेजाऱ्यांचं वैर वाढतंच असं नाही. आलेला माणूस वर्षानुवर्षं ना इकडचा ना तिकडचा ठेवला की मात्र तो दोन्ही राजधान्यांच्या कामाचा होतो. एकीला धमकी द्यायला, दुसरीला नाकारायला.

हे मला पुस्तकातून कळलं त्यापेक्षा पिंपरी कॅम्पात, सिंधी निर्वासितांच्या वस्तीत, जास्त कळलं.

पडद्याचं कापड घ्यायला मी तिथे एका दुकानात जाते. शेठ आता ऐंशीच्या पुढचे आहेत. गल्ल्यावर मुलगा बसतो, ते बाजूला स्टुलावर. त्यांचे वडील १९४८ मध्ये कराचीहून बोटीनं मुंबईला उतरले आणि तिथून इकडे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये यायच्या आधी पिंपरी म्हणजे एक खेडं आणि त्याच्या कडेला हा कॅम्प. बराकीत पोत्यांचे पडदे लावून संसार केलेले. शेठच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो, 'क्लेम', म्हणजे तिकडे राहिलेल्या मालमत्तेचा दावा. कुणाचा क्लेम मंजूर झाला, कुणी क्लेम फुगवून भरला, कुणाकडे दस्तच नव्हते म्हणून क्लेम बुडाला. त्यांच्या वडिलांनी सिंधमधल्या दोन घरांचा क्लेम लावला होता. मिळालं ते एका खोलीच्या किमतीइतकं.

"कमी मिळालं ना?" मी म्हटलं.

"ताई, कमी मिळालं, पण मिटलं," ते म्हणाले. "वडील वारले तेव्हा दुकानाची उधारी बाकी होती, पाकिस्तानकडे काही बाकी नव्हतं."

हे मिटलं कसं, ते बघण्यासारखं आहे. काश्मीरमध्ये लढाई चालू असताना दोन्ही देशांच्या लष्करी तुकड्या एकमेकांच्या हद्दीत जाऊन आपापल्या बाजूची माणसं बाहेर काढत होत्या. पळवून नेलेल्या बायकांच्या शोधासाठी करार झाले. त्यात त्या बायकांना कुणी काही विचारलं का, हा वेगळा आणि कडू विषय आहे. दोन्ही पंजाबांनी जमिनीची दप्तरं एकमेकांना दिली. लाहोरकडच्या गावातली जमाबंदी इकडे आली आणि निर्वासित म्हणतो तेवढी जमीन खरंच त्याच्या नावावर होती का, हे त्यावरून ताडून पाहिलं गेलं. शत्रूराष्ट्राच्या तलाठ्याची नोंद आपण खरी मानली!

आपल्या राज्यघटनेत सहावं कलम आहे ते याच माणसांसाठी. १९ जुलै १९४८ च्या आधी जो आला आणि इथे राहिला तो नागरिक, नंतर आला त्याने नोंदणी करायची. स्थावर मालमत्तेच्या हिशेबावर मात्र दोन्ही देशांचं कधीच जमलं नाही. बैठका झाल्या, फिसकटल्या. तेव्हा दिल्लीने कराचीची, म्हणजे पाकिस्तानच्या तेव्हाच्या राजधानीची, वाट पाहणं सोडलं. १९५४ च्या कायद्यानं इथून गेलेल्यांची मालमत्ता ताब्यात घेऊन तिचा एक निधी केला आणि त्यातून भरपाई वाटली. लहान क्लेमवाल्याला प्रमाणात जास्त, मोठ्याला कमी. हा व्यवहार धुतल्या तांदळासारखा नव्हता. जे गेलेच नव्हते अशा मुसलमानांच्या घरांनाही त्या कायद्यांची झळ लागली. पण निर्वासित त्या भांडणातून बाहेर पडला. भारत आणि पाकिस्तान त्यानंतर अनेक वेळा लढले, पण पिंपरीच्या निर्वासितांवरून एकदाही नाही.

याच्या शेजारी पॅलेस्टिनी निर्वासित ठेवून पाहा. १९४८ मध्ये सात लाखांच्या आसपास माणसं बाहेर फेकली गेली. इस्राएलने परत घेतलं नाही आणि जॉर्डन सोडला तर अरब शेजाऱ्यांनी सरसकट नागरिकत्व दिलं नाही, कारण दिलं तर परतीचा हक्क सोडल्यासारखं होईल. तत्त्व म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण त्या तत्त्वाची किंमत चौथी पिढी छावणीत बसून मोजते आहे, आणि वैर आहे तिथेच आहे.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. निर्वासितांबरोबर बंदुकाही येतात. हे खोटं नाही. १९९४ मध्ये रवांडातल्या कत्तलीनंतर शेजारच्या काँगोत गोमा शहराच्या परिसरात लाखो माणसं आली, त्यांच्यात कत्तल करणारेही होते. छावण्यांचा ताबा त्यांनीच घेतला, तिथून सीमेपलीकडे हल्ले केले आणि १९९६ मध्ये रवांडाचं सैन्य काँगोत शिरलं. पेशावरचीही तीच गत. १९८० च्या दशकात तीस लाखांवर अफगाण पाकिस्तानात होते आणि शिधा हवा तर सात मुजाहिदीन पक्षांपैकी एकाची चिठ्ठी लागायची. म्हणजे भाकरीच्या रांगेतच भरती. लष्करशहा झिया-उल-हक यांच्या राजवटीला तेव्हा ते सोयीचं होतं. त्यातल्या अनेकांची मुलं-नातवंडं पाकिस्तानात जन्मली, वाढली, पण त्यांना नागरिकत्व नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच पाकिस्तानने महिन्याभराची मुदत देऊन त्यांना हाकलायला सुरुवात केली, आणि कारण दिलं दहशतवादाचं. पण काबूल काही त्यामुळे नमलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही देशांत उघड चकमकी झाल्या आणि तोरखमचा सीमेवरचा दरवाजा बंद पडला. तंबूत ठेवलेला माणूस ४० वर्षं हत्यार म्हणून वापरायचा आणि शेवटी तोच धोका आहे म्हणायचं, याला सुरक्षाधोरण म्हणणं मला जड जातं.

तेव्हा बंदुकवाल्याला वेगळं काढा, याला माझा विरोध नाही. वेगळं काढायला आधी प्रत्येकाची नोंद लागते, इतकंच.

दुसरा उपाय आमच्याकडे कट्ट्यावर नेहमी ऐकू येतो: "एकदाची पूर्ण अदलाबदल करून टाकायला हवी होती. तुर्कांनी आणि ग्रीकांनी केली तशी." हे निव्वळ कट्ट्यावरचं बोलणं म्हणून उडवून लावता येत नाही, कारण १९४० मध्ये पाकिस्तानच्या मागणीचा विचार करताना डॉ. आंबेडकरांनीही तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियाचा दाखला दिला होता. त्यांचा आग्रह राज्यांनी ठरवून, नियोजनाने केलेल्या अदलाबदलीचा होता. १९४७ मध्ये जे झालं ते ठरवून झालंच नाही, रेल्वेच्या डब्यांत झालं.

लोझानचा करार ३० जानेवारी १९२३ चा. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती अनातोलियातून ग्रीसकडे, साडेतीन-चार लाख मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात. निकष फक्त धर्माचा. ज्यांना तुर्कीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती असे ख्रिस्ती ग्रीसमध्ये जाऊन मुके झाले, आणि ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात. सात वर्षांनी, १९३० मध्ये, दोन्ही देशांनी मालमत्तेचे दावे परस्पर वळते करून टाकले आणि मैत्रीचा करार केला. व्हेनिझेलोस या माजी ग्रीक पंतप्रधानाने तर १९३४ मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष अतातुर्क यांचं नाव नोबेल शांतता पारितोषिकासाठी सुचवलं. अदलाबदलवाले इथे थांबतात आणि म्हणतात, बघा.

मी त्यांना आणखी पुढे न्यायला बघते. त्या करारातून दोन गटांना वगळलं होतं. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान जागच्या जागी राहिले, एकमेकांच्या चांगल्या वागणुकीची हमी म्हणून. मराठीत अशा हमीला ओलीस म्हणतात. सायप्रसचा वाद पेटला, की भांडण समुद्रात आणि दगड इस्तंबूलच्या ग्रीक दुकानांवर. सप्टेंबर १९५५ मध्ये ती दुकानं लुटली गेली. १९६४ मध्ये ग्रीक पासपोर्ट असलेल्या १२ हजारांच्या आसपास इस्तंबूलकरांना २० किलो सामान घेऊन निघायला सांगण्यात आलं. त्यांचा सायप्रसशी काय संबंध होता? कसबा पेठेतल्या माणसाचा मालदीवशी असावा तितका.

आणि तेच १९६४ साल आपल्याकडचं. श्रीनगरला हजरतबलमधला पवित्र केस गायब झाला म्हणून पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्यात हिंदूंवर हल्ले, त्याची परतफेड कलकत्त्यात मुसलमानांवर. १९५० च्या एप्रिलमध्ये नेहरू आणि लियाकत अली यांनी अल्पसंख्याकांच्या रक्षणाचा करार केला, तेव्हा श्यामाप्रसाद मुखर्जींनी तो कुचकामी ठरेल म्हणून मंत्रिपद सोडलं. करार पुरेसा ठरला नाही, हे खरंच आहे. पण त्या वसंतात युद्ध दाराशी आलं होतं आणि ते टळलं. मला त्या कराराबद्दल विद्यार्थ्यांना नीट काही सांगता आलं नाही याची खंत आहे. अभ्यासक्रमात त्याला दोनच ओळी होत्या.

लॅटिन अमेरिकेतलं एक उदाहरण चटकन सांगून टाकते, कारण त्याला गमतीचं नाव पडलं आहे. जुलै १९६९ मध्ये एल साल्वादोर आणि होंडुरास जेमतेम १०० तास लढले. जग त्याला फुटबॉलचं युद्ध म्हणतं. सामने झाले होते, दंगेही झाले होते. पण मूळ कारण हे, की होंडुरासमध्ये तीन लाखांच्या घरात साल्वादोरचे शेतकरी वर्षानुवर्षं जमीन कसत होते आणि नव्या जमीनवाटपात त्यांना परके ठरवून हुसकावलं गेलं. माणसं आली तेव्हा युद्ध झालं नाही. राहिलेल्यांना एका कायद्यानं बेवारस केलं तेव्हा झालं.

आपल्याकडे तर निर्वासितांसाठी कायदाच नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावरही भारताची सही नाही. सगळं सरकारच्या मर्जीवर. थंडीत स्वेटरचे स्टॉल लावणाऱ्या तिबेटी बाईकडे नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, श्रीलंकेतला तमिळ तमिळनाडूच्या छावणीत आहे, रोहिंग्या घुसखोर आहे, सिंधमधून आलेला हिंदू लाँग टर्म व्हिसावर आहे. एकाच गुन्ह्याला चार कोर्टांत चार निकाल लागावेत तसं. पहलगामनंतर, एप्रिल २०२५ मध्ये, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली त्या संध्याकाळी शेठच्या दुकानात गिऱ्हाईक असूनही कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांच्या चुलतभावाचं कुटुंब अजून व्हिसावर आहे. हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा कायम राहतील असा खुलासा लवकरच झाला, तरी त्या घरच्या सुनेनं बॅग भरून ठेवलीच होती. पहलगामच्या मारेकऱ्यांशी तिचा जेवढा संबंध, तेवढाच त्या इस्तंबूलकरांचा सायप्रसशी.

नेपाळकडे बघा. १९५० च्या करारानं सीमा खुली आहे. २०१५ मध्ये नाकेबंदीवरून कटुता आली, २०२० मध्ये नकाशावरून तर फारच. त्या सगळ्या काळात आमच्या सोसायटीचे वॉचमन दशैंला गावी गेले आणि परत आले. त्यांना कुणी ओलीस धरू शकलं नाही, कारण त्यांना अडवण्यासारखं काही कुणाच्या हातातच नव्हतं. बांगलादेशची सीमा तशी खुली करा असं मी म्हणत नाही. लोकसंख्या वेगळी, इतिहास वेगळा. पण ठरावीक मुदतीचा कामाचा परवाना, बोटांचे ठसे, ठेकेदारावर जबाबदारी आणि दोन्ही देशांनी मान्य केलेली पडताळणीची मुदत, इतकं तरी बोलायला काय हरकत आहे? हा मागचा दरवाजा ठरेल, अशी भीती घातली जाते. दरवाजा आजही आहे, त्याची किल्ली दलालाकडे आहे एवढंच. आणि हे दोन देश करू शकतात, हे २०१५ मध्ये दिसलं आहे. भारतातल्या ५१ आणि बांगलादेशातल्या १११ छिटमहालांची, म्हणजे दुसऱ्या देशाच्या पोटात अडकलेल्या जमिनीच्या तुकड्यांची, अदलाबदल झाली. माणसांना विचारलं गेलं, कुठलं नागरिकत्व हवं. तिकडून इकडे यायला निघालेले हजाराच्या आतच होते, बाकीचे आपल्या घरात राहिले, आणि ६८ वर्षांची कटकट एका मध्यरात्री संपली.

बाणेरला आमच्या शेजारी टॉवर उभा राहतोय. २०२५ च्या पावसाळ्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका सभासदांनी विषय काढला की पलीकडच्या लेबर कॅम्पात सगळे बांगलादेशी आहेत. कशावरून? बंगाली बोलतात. मालदा आणि मुर्शिदाबाद पश्चिम बंगालमध्ये आहेत हे सांगायला मी उठले, तर "मॅडम, इथे भूगोलाचा तास नाही" असं उत्तर मिळालं. त्याच्या थोडं आधीच महाराष्ट्रात राबणाऱ्या मुर्शिदाबादच्या काही मजुरांना सीमेपार ढकललं गेलं होतं आणि ते भारतीय निघाल्यावर दोन्ही देशांच्या सीमादलांची ध्वजबैठक घेऊन परत आणावं लागलं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सुकं किती हेच कुणी मोजलेलं नाही. ढाक्यानेही त्या महिन्यांत या ढकलाढकलीवर लेखी निषेध नोंदवला. वैरात आणखी एक कागद जमा झाला, हातात मात्र कुणाच्या काही पडलं नाही.

त्या मीटिंगनंतर आठवड्याभरात सेंट्रिंगचं काम करणारा एक पोरगा गेटवर आला. मालद्याचा. मुकादमानं त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. खिशातून त्याने लॅमिनेट केलेले कागद काढले: आधार, मतदार ओळखपत्र, आजोबांच्या नावाची जुनी मतदार यादी, जमिनीच्या दस्ताची झेरॉक्स. सगळं बंगालीत, आधार तेवढं इंग्रजीतही. त्याला हवं होतं, की हे काय आहे ते मी मराठीत एका कागदावर लिहून द्यावं. रस्त्यात कुणी अडवलं तर दाखवायला.

मी लिहून दिलं. पाच-सहा ओळी, खाली सही, फोन नंबर, 'निवृत्त प्राध्यापक'. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, इसपे ठप्पा नहीं है?"